चुगलखोर पट्टा

चिरंजीव भाच्यास,

मामाचे कात्री-वस्तऱ्यासकट आशीर्वाद. तुझ्या आईचे, म्हणजे आमच्या ताईचे, गुडघे काय म्हणतात? माझे डोळे आहेत तसेच. नाकासमोरचं दिसतं, दोन्ही बाजूंचं जग कुणीतरी पडदा ओढून झाकलंय. डॉक्टर म्हणतात, पडदा अजून सरकणार.

तू पाठवलेला कमरपट्टा पोचला. समोर काही आडवं आलं की तो थरथरतो, मी पडलो की तुझ्या फोनवर चुगली करतो आणि दिवसभर मी किती हललो तेही तुला कळवतो. यंत्र गुणी आहे, पण न्हाव्यासाठी केलेलं नाही. अरे, माझा सगळा धंदा हातभर अंतरावर चालतो! खुर्चीत गिऱ्हाईक बसलं की पट्ट्याच्या मते तो अडथळा. (काही गिऱ्हाइकं आहेतही.) हातात वस्तरा आणि पोटाशी थरथर, अशात मुख्याध्यापकांची अर्धी मिशी गेली. उरलेली अर्धी त्यांनी मुकाट्याने काढू दिली. मग मी पडलेला कंगवा उचलायला वाकलो, तर मीच पडलो म्हणून तुझा फोन! वर दम, की पुन्हा पडलात तर दुकानाला कुलूप लावून तुम्हाला इकडे घेऊन येईन. बाबा रे, या दुकानाबाहेर मी कोण? एक आंधळा होत चाललेला म्हातारा. इथे निदान मोठमोठे लोक माझ्यापुढे मान खाली घालतात.

त्यानंतर मात्र माझी प्रकृती सुधारली. सकाळपासून दुकान बंद होईपर्यंत माझी हालचाल चालू असते, हे तुला दिसतंच आहे. तू शाबासकीही दिलीस. तेव्हा कुलपाचा विषय पुन्हा नको.

तुझा,
मामा

ता. क. – हलत होता तो पंखा. दुकानातला उभा, मान फिरवणारा. पट्टा त्याच्या गळ्यात बांधला होता.

आणखी ता. क. – परवा भरदुपारी, दुकानात कुणी नसताना, स्टुलाला अडखळून पडलो. उठता येईना. पंखा समोरच चालू होता, मी ठणठणीत असल्याचं तुला कळवत. मी हाका मारतोय आणि तो आपला मान हलवून नाही, नाही म्हणतोय. फार भीती वाटली रे. संध्याकाळी मुख्याध्यापक दाढीला आले, त्यांनी उचललं. आधी मला खुर्चीत बसवलं, दाढीचं मग बघू म्हणाले.

शेवटचं – कुलूप आणून ठेवलंय. लावायला तू ये. माझा हात धजत नाही.