किल्लेदाराचा नियम

मी, परशराम सिद्राम धोत्रे, वय चौसष्ट, हातमागाचा विणकर, राहणार वडगाव, बेळगाव, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने लिहीत आहे. राजीखुशीत थोडा राग आहे, तोही धरावा. उद्या सकाळी पोटाचे ऑपरेशन आहे, म्हणून आजच लिहिणे भाग पडले.

१. घर आणि माग पत्नी सोनुबाईला. तिच्यामागे मुलगी अंजनीला. माग मोडून जळणात घालू नये.

२. मी तयार केलेला 'गडझुंज' हा लढाईचा खेळ निपाणीला दिलेल्या अंजनीला. पट मी मागावर चौकडीत विणला आहे. सोंगट्या मागाच्या मोडक्या धोट्यांच्या लाकडातून कोरल्या आहेत. घोडेस्वार तीन घरे धावतो, खिंडीत मात्र एकच. हत्ती तोफेजवळ बिथरला की आपल्याच माणसांवर उलटतो. वेढ्यातल्या गडावर दाणागोटा पोचला नाही तर किल्लेदार शत्रूला मिळतो. हा नियम अंजनीने सुचवला. तोवर गडात बसून राहणारा कधी हरतच नव्हता. नियम आला आणि खेळात जीव आला.

३. धाकटा भाऊ कल्लाप्पा याला काही नाही. गेल्या गणपतीत साऱ्या गल्लीसमोर त्याचा किल्लेदार फुटला, तेव्हापासून त्याला हा नियम सलतो. तो नियम गाळून खेळ छापायला देतो, असा शब्द त्याने एका खेळणीवाल्याला मला न विचारता दिला. म्हणतो, "अण्णा, आपला मानूस फितूर हुतो म्हनून दाखवायचं व्हय? लोक तोंडात शेण घालतील." मी म्हणालो, "उपाशी ठिवलंस तर कुनीबी हुईल. आधी धान्य धाड, मग घोडी नाचीव." उद्या माझे बरेवाईट झाले तर तो खेळ उचलून नेईल, याची मला धास्ती आहे.

४. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. शेजारचा रवळू आला. बाकी गल्ली कल्लाप्पाच्या पॉवरलूमवर पोट भरते. समोरच्या घरातला यल्लाप्पा तर दारातूनच परत गेला. दुसऱ्या सहीवाचून हा कागद रद्दी आहे. ज्याला काही मिळत नाही त्याने साक्षीदार व्हायला हरकत नसते, असे वकील म्हणाले. म्हणून कल्लाप्पालाच बोलावले. तो समोर बसून वाचतो आहे. दोनदा वाचून झाले, आता पुन्हा तिसऱ्या कलमावर बोट ठेवले आहे.

दोघांच्या देखत सही करतो.

परशराम सिद्राम धोत्रे
वडगाव, बेळगाव
११ फेब्रुवारी १९८४

साक्षीदार :

१. रवळू भरमा पाटील

२. नियम मला पटला न्हाय. पन अण्णा शुद्धीत हाय, ह्ये खरं हाय.
कल्लाप्पा सिद्राम धोत्रे