त्र्यंबकरावांच्या नावाची खूण

११ ऑगस्ट २०२५, सोमवार

आधी या वहीची माफी मागते. मागची नोंद गेल्या वर्षीच्या मार्चमधली आहे. म्हणजे सतरा महिने एक ओळ नाही. कारणं होती, पण लिहायला बसलं की ती सबबींसारखी दिसतात.

आज नवी नोकरी सुरू झाली. ठाण्यात, वागळे इस्टेटमध्ये, सहावा मजला. खिडकीतून येऊरचे डोंगर दिसतात. पंचेचाळिसाव्या वर्षी मला कुणी टीम लीड म्हणून बोलावलं याचंच अप्रूप. कल्याणहून निघताना आईने मी काय शाळेत चाललेय अशा थाटात डब्यावर 'मृणाल' असं माझं नाव लिहून दिलं.

आमचं सॉफ्टवेअर इमारतींच्या लिफ्टवर दुरून लक्ष ठेवतं. दार अडकलं किंवा आत अडकलेल्या माणसाने घंटा दाबली, की इशारा आमच्या पडद्यावर येतो आणि मेकॅनिक धावतो. मालक अद्वय, चौतीस वर्षांचा, सगळं त्याला 'सॉर्टेड' हवं असतं. कोड दीप्ती लिहिते. आणि त्र्यंबकराव, टेस्टर, सत्तावन्न वर्षांचे. दीप्तीने ओळख करून देताना सांगितलं की मॅडम, यांना जपून, हे लग्नाच्या पत्रिकेतही चुका काढतात. त्यावर ते चष्मा पुसत म्हणाले की तुझ्या पत्रिकेत तीन होत्या. चौथी म्हणजे नवरा, असं दीप्ती म्हणाली. सगळे हसले. मला ही माणसं आवडली.

९ सप्टेंबर, मंगळवार

इथे कामाची पद्धत जुनी होती. आधी सगळं कागदावर, मग कोड, मग त्र्यंबकराव चार-पाच दिवस तपासणार, आणि त्यांनी 'तपासले' या चौकोनात खूण केल्याशिवाय काही बाहेर जाणार नाही. अद्वयला वेग हवा. मी दोन-दोन आठवड्यांच्या फेऱ्या सुचवल्या, प्रत्येक फेरीत थोडंच काम. रोज सकाळी दहाला उभ्याने बैठक, प्रत्येकाने तीनच गोष्टी सांगायच्या: काल काय केलं, आज काय करणार, अडथळा काय. त्याच तीन ओळी ऑफिसच्या ऑनलाइन बोर्डावर लिहायच्या. वेगळा टेस्टर नको, ज्याने लिहिलं त्यानेच तपासायचं.

त्र्यंबकरावांना मी माहितीपुस्तिका लिहायला दिल्या. त्यांनी वाद घातला नाही. एवढंच विचारलं की मॅडम, स्वयंपाक करणाऱ्याला मीठ कमी पडलेलं कळतं का. मी पद्धतीबद्दल बरंच बोलले. मला ती पद्धत खरोखर पटली होती का? की नव्या जागी काहीतरी बदलून दाखवायचं होतं?

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

हे लिहून ठेवायला हवं. नाहीतर मी स्वतःला वेगळं काहीतरी सांगायला लागेन.

दिवाळीआधी, नव्या पद्धतीने केलेली सॉफ्टवेअरची पहिली आवृत्ती चाळीस लिफ्टमध्ये जायची होती. त्र्यंबकरावांनी त्यांचं काम नसताना परवा कळवलं होतं, की दोन इशारे एकाच सेकंदाला आले तर दुसरा हरवतो असं त्यांना वाटतं. खात्री करायला चार दिवस लागतील. चार दिवस नव्हते. मी ते पुढच्या फेरीच्या यादीत तळाला टाकलं.

संध्याकाळी पाचला आवृत्ती अडली. 'तपासले' ही खूण टेस्टरच्या नावानेच करता येते, आणि तो नियम बदलायचा आम्ही विसरलो होतो. त्र्यंबकराव घरी गेलेले. गणपतीत रजेवर जाताना त्यांनी स्वतःचा पासवर्ड माझ्याकडे ठेवला होता, गरज पडली तर असू दे म्हणून. मी त्यांच्या नावाने आत गेले आणि खूण केली.

अद्वयने सगळ्यांना काजू कतली वाटली. मीही खाल्ली.

१९ ऑक्टोबर, रविवार

ऑफिस सुट्टीला बंद. दुपारी त्र्यंबकरावांच्या पत्नीचा, मंदाकिनीताईंचा विठ्ठलवाडीहून फोन आला. ते काल सकाळी बाहेर पडले ते परतलेच नाहीत. शुक्रवारी रात्री त्यांना ऑफिसचं आपोआप जाणारं पत्र आलं होतं, 'आपण तपासलेली आवृत्ती सुरू झाली आहे'. ते वाचून जेवले नाहीत म्हणे. माझं नाव लागलंय, मला बघायला हवं, एवढंच बोलत राहिले.

मी बोर्ड उघडला. त्यांच्या नावापुढे आज सकाळी दहाची नोंद होती.

काल: शीळफाटा, लिफ्ट ३ तपासली. आज: तीच. अडथळा: दार उघडत नाही.

मला हायसं वाटलं. ताईंना म्हणाले की काळजी नको, ते काम नोंदवतायत, माझ्यावर रागावले असतील. त्या म्हणाल्या की रागावले की कर्जतला बहिणीकडे जातात, तिला फोन घ्यायचाही कंटाळा. दोघी थोड्या हसलो.

दाराची तक्रार मी पुढच्या फेरीच्या यादीत टाकली.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन

आजही दहाला नोंद. तीच लिफ्ट. तोच अडथळा. त्यांचा फोन नुसता वाजतो. ताईंचा पुन्हा फोन, पोलिसांत जाऊ का विचारत होत्या. मी सांगितलं की आज सकाळीच नोंद आली आहे, सणाच्या दिवशी कशाला. हे मी म्हणाले. मीच.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

सापडले.

शीळफाट्याच्या त्या टॉवरमध्ये अजून कुणी राहायला आलेलं नाही. कामगार दिवाळीला गावी गेले होते, ते आज परतले तेव्हा कळलं. लिफ्ट ३, नववा आणि दहावा मजला यांच्यामध्ये. स्वतः आत उभे राहून तपासत होते. आमच्या पडद्यावर शनिवारी ११.४० ला दाराचा साधा इशारा आला होता, इमारत रिकामी म्हणून मेकॅनिक दिवाळीनंतर जाणार होता. लिफ्टमधल्या यंत्राची नोंद मी उघडून पाहिली: त्याच सेकंदाला आतून घंटा दाबली गेली होती. ती पोचली नाही, आणि तिच्यामागे दाबलेल्या पुढच्याही अडून राहिल्या.

डॉक्टर म्हणतात हृदय, शनिवारीच, संध्याकाळच्या आत.

शनिवारी. मग रविवारची नोंद कुणी केली? मंगळवारची? त्यांचा मोबाइल वॉचमनच्या केबिनमध्ये चार्जिंगला लावलेला सापडला. वॉचमन बदलला होता, नव्याला वाटलं जुन्याचा आहे.

बोर्डावर आज सकाळीही नोंद आहे.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

पोलीस येऊन गेले. अद्वयने त्यांना खूण दाखवली. यांनीच पास केलेलं, यांचंच नाव आहे बघा, म्हणाला. बाहेर आल्यावर मला म्हणाला की मॅडम, वाईट झालं, पण आपल्या बाजूने सॉर्टेड आहे. आवृत्ती मागे घ्यायची का, मी विचारलं. म्हणाला, तपासलेली आवृत्ती मागे घेतली तर क्लायंट कारण विचारतील.

म्हणजे ती तपासलेलीच नव्हती, हे मी सांगितलं तरच ती मागे येईल. चाळीस लिफ्ट.

मी मान हलवली.

दीप्तीने त्यांचं खातं बंद केलं. माझ्यासमोर.

२९ ऑक्टोबर

दहा वाजता: काल: वाट पाहिली. आज: वाट पाहणार. अडथळा: दार.

दीप्तीला बोलावून दाखवलं. तिला रिकामी जागा दिसते. म्हणाली मॅडम, घरी जा, झोपा जरा.

३१ ऑक्टोबर

मंदाकिनीताई ऑफिसात आल्या होत्या, त्यांचा डबा आणि चष्म्याचं घर न्यायला. मला म्हणाल्या की ह्यांनी जन्मात कधी न तपासता सही केली नाही हो, ह्या वेळी कशी केली असेल. माझा हात धरून विचारत होत्या. मी म्हणाले, माहीत नाही.

पडद्यावर त्यांच्या पाठीमागे अक्षरं उमटत होती. एकेक अक्षर, सावकाश, दोन बोटांनी टाईप करणाऱ्याची—ते तसंच करायचे—

काल: वाट पाहिली. आज: वाट पाहणार. अडथळा: मृणाल.

१ नोव्हेंबर

आज सुट्टी. बोर्ड उघडला नाही. दहा वाजता आईने स्वयंपाकघरातून विचारलं, कुणाला तपासायला बोलावलंयस का, बाहेर एक गृहस्थ उभे आहेत, घंटा दाबतायत पण वाजत नाही.

दार उघडलं. कुणी नव्हतं. लिफ्ट आमच्या मजल्यावर उभी, दार बंद.

आमची लिफ्टही त्या चाळीसात आहे. आईला म्हटलं जिन्याने जा. का, म्हणाली. गुडघे दाखवले. कारण सांगता आलं नाही. आईलाही—

३ नोव्हेंबर, सोमवार

ठरवून गेले होते. आज बैठकीत बोलायचंच. दीप्तीचं झालं. माझी पाळी. तोंड उघडलं आणि म्हणाले, काही अडथळा नाही.

दुपारी ३.१०

डोंबिवलीच्या टॉवरमधून इशारा. दाराचा. साधा. दीप्ती म्हणते एकच आहे, मेकॅनिक उद्या जाईल.

एकच. आत कुणी असेल तर—ते फक्त मला माहीत—मला आणि त्यांना. माझ्या खुर्चीमागे कुणीतरी चष्मा पुसतंय. मी वळत नाही. लिहिते, म्हणजे मागे हटता येणार नाही—

उद्याचं काम, एकच: सगळ्यांसमोर सांगणे की खूण त्यांची नव्हती, माझी—उद्या कसं, आत कुणी तरी—आत्ताच उठून