भांजगडीचा कागद

१२ फेब्रुवारी २०२४

करणसिंग आज काठी टेकत आला. मांडीत सळई टाकली आहे म्हणे. ओट्यावर बसला आणि सगळ्यांदेखत रडला. आईने त्याला पाणी दिले, पाठीवरून हात फिरवला. मला चौतीस दिवसांत रडू आलेले नाही. लोक म्हणाले, केवढा जीव लावणारा माणूस!

आशा माझी बायको होती की त्याची?

कोणाशी बोलणार नाही, म्हणून इथे लिहितो. ९ जानेवारीला दोघे लसीकरण आटोपून परत येत होते. ती उपकेंद्रात नर्स, तो तिथलाच आरोग्यसेवक. मोटरसायकल त्याची. अक्कलकुव्याच्या अलीकडे समोरून चौदा चाकी ट्रक आला. ती जागच्या जागी गेली. तो शेतात उडून पडला आणि वाचला. लशीचा निळा डबासुद्धा वाचला — झाकणही उघडले नाही.

१८ फेब्रुवारी

अपघाताच्या जागेजवळच्या फाट्यावर गेलो होतो. जायचे नव्हते, तरी गेलो. चहावाल्याने पैसे घेतले नाहीत. म्हणाला, "गुरुजी, आठेच चहा पिनात दोन्ही. बाई हसी ऱ्हायनी व्हती. मंग मांगे बठनी, त्याना खांदावर हात ठेवा, नि गयात."

मी चहा अर्धा टाकून उठलो.

मला मोटरसायकल चालवता येत नाही. अकरा वर्षांत ती कधी माझ्या मागे बसली नाही. आम्ही कुठेही जीपनेच जायचो. ती बायकांत, मी टपावर नाहीतर मागच्या फळीवर.

काय बोलला असेल तो? माझ्यासमोर ती एवढी हसत नसे.

२० फेब्रुवारी

खांद्यावर. कोणत्या?

३ मार्च

आज भांजगड झाली. आमच्यात कोणाच्या सोबत असताना माणूस गेले तर तो सोबतचा पंचांपुढे बसतो. चूक कोणाची, हे कोणी विचारत नाही. एक बोकड, थोडी रक्कम, सगळ्यांनी एकत्र जेवायचे, आणि पुढे मनात काही ठेवायचे नाही. बापजाद्यांपासून असेच. लिहिण्याची पद्धत नाही.

मीच म्हणालो, कागद करू. रेवजी कारभारी हसले. "मास्तर, बोकडाचाही दाखला लिहिशील काय?" सगळे हसले. करणसिंगही हसला. तेव्हा माझे डोके फिरले.

मी लिहिले — "माझ्या बेफिकीर चालवण्यामुळे व माझ्या चुकीने आशाबाईंचा मृत्यू झाला, हे मी पंचांसमोर कबूल करतो." असे कोणी म्हटलेच नव्हते. करणसिंगने पूर्ण वाचले, त्याला वाचता येते. माझ्याकडे पाहिले. मग सही केली. खाली पंचांचे अंगठे. कागद कारभाऱ्यांच्या पेटीत गेला.

जेवण चांगले झाले असे लोक म्हणाले. मी पोटभर जेवलो. खोटे का लिहू?

४ मार्च

बरे वाटत आहे.

९ मार्च

नाही वाटत.

१९ जून

आमच्या मुलीला, मोनिकाला, लोणखेड्याला वसतिगृहात सोडले. तिथली शाळा आशानेच ठरवली होती. आशाची नोकरी कंत्राटी, म्हणून पेन्शन नाही. मी आश्रमशाळेत तासिकेवर. घर तिच्या पगारावर चालायचे, हे आता कळते आहे. एक वर्षाची फी भरली. दुसऱ्या वर्षाची कुठून आणू, माहीत नाही.

तिथून नंदुरबारला नमनभाई वकिलांकडे गेलो. तरुण आहेत, जैन, वडिलांचे कापडाचे दुकान आहे. त्यांनी समजावले की ट्रकचालक उलट्या बाजूने आला, गुन्हा त्याच्यावरच दाखल आहे, ट्रकच्या विमा कंपनीने भरपाई द्यायला हवी. साक्षीदार एकच — करणसिंग. त्याने पाहिलेले सांगितले की झाले. चूक त्याची ठरली, तर मात्र ट्रकवाले सुटतील. त्याच्या मोटरसायकलचा विमा संपलेला, म्हणजे मोनिकाला काहीच नाही.

कागदाबद्दल बोललो नाही. पेटीत आहे. पेटीतच राहील.

१ डिसेंबर

मोनिकाला भेटलो. तिच्याकडे सीताफळे होती. करणसिंगकाकाने आणून दिली म्हणाली. लंगडत आला होता, एसटीने. "काकाला आईच्या खूप गोष्टी माहीत आहेत, बाबा." मी विचारले कोणत्या. तर म्हणे, लशीला रडणाऱ्या पोरांना आई मांजराचा आवाज काढून दाखवायची.

मला माहीत नव्हते.

आता पोरगीही त्याचीच वाट पाहणार. सीताफळ दिले तिने, मी खाल्ले नाही.

२१ जानेवारी २०२५

व्हायचे तेच झाले. आमच्या दाव्याला विमा कंपनीने दिलेल्या उत्तरासोबत कागदाचा फोटो! त्यांचा एक माणूस गावात येऊन गेला होता. गोड बोलला असेल. रेवजी कारभाऱ्यांनी स्वतः पेटी उघडून दाखवला. का दाखवला, विचारले तर छाती काढून म्हणाले, "आमच्या गावात भांडण शिल्लक राहत नाही, ते दाखवलं. तूच तर लिहिलं, मास्तर. किती सुंदर अक्षर!"

नमनभाईंनी दोनदा वाचले. मग हळूच विचारले, "गुरुजी, हे अक्षर कुणाचं?"

२४ जानेवारी

करणसिंगकडे गेलो. त्याची बायको जसोदाबाई दारात धान्य पाखडत होती. तिने बसा म्हटले नाही. तिलाही फाट्यावरचे कोणीतरी सांगितले असणार. पण तिचा नवरा तर घरात आहे. रोज जेवतो, खोकतो, तिला हाक मारतो. मला तिचाही हेवा वाटला.

मी करणसिंगला म्हणालो, साक्षीला ये. तो म्हणाला, येणारच होतो. कागदाविषयी तो बोलला नाही, आणि मलाही बोलवेना. तो शिव्या देईल असे मी धरून चाललो होतो. दिल्या असत्या तर सोपे गेले असते.

११ मार्च

साक्ष झाली. आधी करणसिंगची. त्याने सरळ सांगितले — ट्रक पुढच्या ट्रॅक्टरला मागे टाकायला आमच्या बाजूला आला. मी कडेला घेतली, जागा नव्हती. कंपनीच्या वकिलाने कागद पुढे केला. ही सही तुमची? हो. वाचून केली? हो. चूक नव्हती तर का केली?

करणसिंग म्हणाला, "गुरुजींना तेवढं पाहिजे होतं. माझ्याजवळ द्यायला दुसरं काय होतं?"

मग मी. हा मजकूर तुमच्या हातचा? हो. हे शब्द साक्षीदाराने सांगितले आणि तुम्ही उतरवले, बरोबर? वाटले, गप्प राहावे. मग मोनिकाची फी आठवली. नाही, म्हणालो. मी माझ्या मनाने घातले. भांजगडीत चूक ठरवत नाहीत.

"का घातले मग?"

नमनभाई खाली पाहत होते. बाहेर कोणाचा तरी फोन वाजत होता.

"माझ्या बायकोचा हात त्याच्या खांद्यावर होता, असं मी ऐकलं होतं. म्हणून."

न्यायाधीश बाईंनी पेन खाली ठेवले. मग पुन्हा उचलून लिहिले. जसोदाबाई मागच्या बाकावर बसली होती, हे मला साक्षीच्या पिंजऱ्यातून उतरताना दिसले. करणसिंग बाहेर भिंतीला टेकून उभा होता. मी त्याच्या समोरून निघून आलो. खरे सांगितले, तरी हेवा गेला नाही. तिचे शेवटचे हसू त्याच्याजवळच आहे.

१७ जून

निकाल लागला. चूक पूर्ण ट्रकची. पंचांच्या त्या कागदाने करणसिंगची चूक सिद्ध होत नाही, असे म्हटले आहे. रक्कम मोठी आहे. बरीच मोनिकाच्या नावावर बँकेत राहील, व्याजातून शिक्षण. नमनभाईंनी पेढा दिला. मी खिशात ठेवला, तिच्यासाठी.

करणसिंगही आला होता. त्याने मोटरसायकल दुरुस्त करून घेतली आहे, विमाही काढला आहे. जीप निघून गेली होती. "मागे बसा गुरुजी, सोडतो." नाही म्हणायला काही सुचले नाही.

१८ जून

काल वाटेत एवढेच झाले. मांडीवर फायलींची पिशवी होती, पडू नये म्हणून एका हाताने धरली होती. अक्कलकुव्याच्या अलीकडे गतिरोधक आला. माझा दुसरा हात आपोआप करणसिंगच्या खांद्यावर गेला. उजव्या.

घर येईपर्यंत मी तो काढला नाही.