नमुना क्रमांक ४७ विषयी दुरुस्ती

मी, त्र्यंबक दत्तात्रेय टिपणीस, वय वर्षे ७२, निवृत्त भूशास्त्र प्राध्यापक, राहणार डोंबिवली पूर्व, हे मृत्युपत्र स्वखुशीने व कोणाच्याही दडपणाविना लिहून ठेवतो. माझी बुद्धी व स्मरणशक्ती शाबूत आहे. गुडघे नाहीत, परंतु कायदा गुडघ्यांची चौकशी करत नाही.

१. राहती सदनिका व बँकेतील सर्व ठेवी माझी पत्नी सौ. सुमेधा हिला मिळाव्यात. मोहरीच्या डब्यात जीवाश्म सापडूनही तिने चव्वेचाळीस वर्षे मला घरात ठेवून घेतले, याची ही अपुरी भरपाई होय.

२. ग्रंथ, हातोड्या, छिन्न्या व नमुन्यांचा संग्रह कन्या हेमांगी हिला द्यावा. चिठ्ठ्यांवाचून नमुना म्हणजे नुसता दगड, हे तिला ठाऊक आहे.

३. माझे दहापट मोठे दाखवणारे भिंग सोसायटीचे चिटणीस श्री. आनंद कारखानीस यांना द्यावे. त्यांच्या काचेच्या कपाटातील ‘डायनासोरचे अंडे’ हा नदीतला गोटा आहे, हे पंधरा वर्षे मी बोललो नाही. भिंगातून त्यांना दिसेलच; न दिसल्यास अंडे सुखाने नांदो.

४. नमुना क्रमांक ४७ कोणासही देता येत नाही, कारण तो माझा नाही. त्याची हकिगत अशी.

शहाडचा भिवा गुणाजी भोईर माझा शाळेपासूनचा मित्र. त्याच्या आईला, बायजाबाईंना, देव्हाऱ्यात शाळिग्राम हवा होता. २०११ साली कल्याणच्या बाजारात एका दुकानदाराने जुन्या देवघरातला म्हणून एक दाखवला. ‘पसंत नसल्यास परत’ या बोलीवर भिवा तो घेऊन थेट माझ्या वर्गात आला.

शाळिग्राम म्हणजे प्राचीन समुद्रातील वेटोळ्या शंखाच्या प्राण्याचा जीवाश्म. विक्रीस आलेला असा दगड तीन प्रकारे तपासावा. रंग चोपडला आहे का, हे ॲसिटोनच्या बोळ्याने पाहावे. चक्रात हत्याराचे ओरखडे आहेत का, हे भिंगाने पाहावे. आणि टवका उडालेल्या कडेवर शंखाचे कंगोरे आत उतरतात का, हे पाहावे. कोरणाऱ्याचे हत्यार पृष्ठभागावर थांबते. प्राणी थांबत नाही.

मी पहिलीच कसोटी लावली. बोळा काळाकुट्ट निघाला. समोर चाळीस विद्यार्थी बसले होते. मी विजयी मुद्रेने बोळा उंचावला व तिथेच लिहून दिले: “चक्र कोरीव, रंग चोपडलेला. बनावट.”

भिवा एवढेच म्हणाला, “मंग आयला काय सांगू, मास्तर?” दुकानदाराकडे तो परत गेला नाही. दगड माझ्या टेबलावर ठेवून निघून गेला. बायजाबाईंनी दुसरा देव आणू दिला नाही. देव्हाऱ्यातील ती जागा त्या रोज पुसत व तिथे तुळशीचे पान ठेवत. २०१६ साली त्या गेल्या. मी मात्र बारा वर्षे, निवृत्तीनंतरच्या पाहुण्या तासांनाही, तो दगड ‘बनावट कशी ओळखावी’ या पाठाला वापरला.

२०२३ साली हेमांगीने तो रिठ्याच्या पाण्यात धुतला. काळा थर सुटला. तो रंग नव्हता. कोणा घरच्या दोन-तीन पिढ्यांचे अभिषेकाचे तूप, समईचे तेल व काजळी होती. खाली टवका दिसला आणि टवक्यात कंगोरे, आत आत उतरणारे. पूजेलाच मी लबाडी ठरवले होते.

मी तसाच शहाडला गेलो. भिवा पोटभर हसला. “बारा वर्सं देव तुज्या शालेत बसला. आता पास कर न् घरी धाड.” लक्ष्मीवहिनी, त्याच्या पत्नी, आतून म्हणाल्या, “नापास कोन झाला, ते बी लिवा!” मी चिठ्ठी लिहू लागलो, तर भिवाने हात धरला. “चिठ्ठी नको. खोटा म्हनून कागदावर लिवलास, आयनं तो कागद मरेपर्यंत जपला. आता खरा म्हनून पक्क्या कागदावर लिव. मंगच नेतो.”

दोन वर्षे शोधूनही माझ्यापाशी याहून पक्का कागद निघाला नाही. म्हणून लिहितो: नमुना क्रमांक ४७ अस्सल आहे. तपासनीस उतावीळ होता. दुकानदार प्रामाणिक होता. या कलमाची अंमलबजावणी माझ्या मृत्यूची वाट न पाहता, सह्या होताच करावी.

५. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार राहू नये, असा वकिलांचा सल्ला आहे. भिवाला काही मिळत नाही. त्याचे त्याला परत जात आहे. सबब त्याची साक्ष घेतली आहे.

ठिकाण: डोंबिवली. दिनांक: १९ नोव्हेंबर २०२५.

लिहून ठेवणार: त्र्यंबक दत्तात्रेय टिपणीस

आम्हा दोघांच्या देखत त्यांनी वाचून सही केली. त्यांच्या देखत आम्ही केल्या.

साक्षीदार १: डॉ. निशिगंधा प्रधान, कल्याण

साक्षीदार २: भिवा गुणाजी भोईर, शहाड
(स्वहस्ते) देव मिलाला. आयचे जागेवर ठेवतो.