चरण आणि कोनफळ

३ जून, सोमवार

आयसेयाचं भाषण ऐकून डोकं धरून बसले. गावचा अधिकारी झाला म्हणून जीभ सुधारत नाही. म्हणे, "महाराज आमच्या गावचं कोनफळ खातील." मी म्हटलं, "आयसेया, डुक्कर खातं, तू खातोस. सरदार जेवतात. महाराज आरोगतात." बायका झाडाच्या सालीचं कापड कुटत होत्या, सगळ्या मोगऱ्या एकदम थांबल्या. तो म्हणाला, "लेसिएली, तू शाळा सोडलीस, पण शाळेनं काही तुला सोडलं नाही."

खरं आहे. इतकी वर्षं पोरांना हेच शिकवलं – एका घासाला तीन शब्द, एका झोपेला तीन, मरणालाही तीन. देवाला मात्र राजाचेच शब्द चालतात, म्हणून गरिबातल्या गरिबालाही ते तोंडपाठ असतात. रोज प्रार्थनेत लागतात.

शेतीचं प्रदर्शन वीस तारखेला. महाराज जातीनं आमच्या बेटावर येणार. कापड अर्ध्याच्या वर झालं. खांदे दुखताहेत. पण बसायला सावली, गायला सोबत, आणि फुसीनं आणलेलं नारळाच्या दुधातलं अळू. आणखी काय पाहिजे? आभार.

७ जून, शुक्रवार

फुसी आज कुटताना गप्प. माझी भावजय गप्प म्हणजे समुद्रच गप्प. विचारलं तर म्हणाली, "काही नाही, वन्सं." संध्याकाळी तिचा नवरा, माझा भाऊ सेमिसी, मळ्यावरून जाताना दिसला. लंगडत होता. मला बघून सरळ चालायला लागला.

९ जून, रविवार

चर्चमध्ये तो पुरुषांच्या बाकांवर, मी बायकांच्या. गाताना त्याचा खालचा सूर मला बरोबर कळतो. एवढ्या आवाजांत एक माझ्या भावाचा. बाराव्या वर्षी तो मुलांच्या झोपडीत झोपायला गेला, तेव्हापासून चर्च सोडून दुसऱ्या कुठल्या छपराखाली आम्ही दोघं एकत्र बसलेलो नाही. रीत आहे. बहीण मोठी, भाऊ खाली. थट्टा नाही, अंगाबिंगाविषयी बोलणं नाही. तो येतो, फणसाच्या झाडाखाली बसतो, मी खिडकीतून बोलते – पाऊस, चर्च, कोनफळं. झालं आमचं.

लोकांना वाटत असेल, हे कसलं प्रेम! दर हंगामात पहिलं कोनफळ माझ्या दारात येतं. कधी चुकलं नाही. वडील गेले त्या वर्षीसुद्धा नाही.

दुपारी जमिनीतल्या भट्टीत भाजलेलं जेवून सगळा गाव झोपला. रविवारी आमच्या देशात कोंबडासुद्धा हळू आरवतो. मला मात्र झोप आली नाही.

१२ जून, बुधवार

फुसी बोलली. मोगरी खाली ठेवून माझ्या परसात आली आणि रडली.

सेमिसीच्या रक्तात साखर आहे ते ठाऊक होतं. पायाला जखम झालीय ते नव्हतं. बोटं काळी पडली आहेत. इथल्या डॉक्टरनं राजधानीच्या मोठ्या इस्पितळात लगेच जा म्हणून सांगितलं. हा म्हणतो, कोनफळ माझ्या हातानं काढायचंय, त्याआधी बोटीत पाय ठेवणार नाही. मोठ्या वाफ्यातलं ते कोनफळ, ज्याच्याभोवती तो लहान लेकरासारखा वावरतो. अजून भरायचंय म्हणे. सगळ्या गावाला माहीत आहे, ते महाराजांसाठी आहे.

"त्यांना कोण सांगणार, वन्सं? माझं ऐकत नाहीत. पाद्रीबाबांचं ऐकलं नाही. तुम्ही मागितलंत तर मात्र 'नाही' म्हणता येणार नाही त्यांना."

ते मला काय ठाऊक नाही? बहिणीनं मागायचं आणि भावानं द्यायचं. फुसीच्या बहिणीची नणंद फ्रीज घेऊन गेली, आतल्या माशांसकट. मी आजवर सेमिसीकडे सुईसुद्धा मागितली नाही. ज्याला नाही म्हणायची सोय नाही, त्याच्याकडे काय मागायचं? हा माझा ताठा. फुसी त्यावर गावभर फुशारकी मारते.

जाताना म्हणाली, "त्यांच्या उशाशी बसायचा मान तुमचा आहे. तो मान तुम्हाला मिळालेला मला बघायचा नाही."

प्रेताच्या उशाशी बहीण बसते. ती हेच म्हणाली.

१३ जून, गुरुवार

सबंध दिवस एकच अडचण. मागेन, पण कुठल्या तोंडानं? बहिणीनं भावापुढे 'पाय' म्हणायचं? जखम, पू, काळी बोटं – हे शब्द आम्हा दोघांच्या मधे कधी आलेच नाहीत. तो लाजेनं उठून जाईल. मग कायमचाच जाईल.

सेमिसीच्या लुपेला विचारलं. पोरगी बापावर गेलीय, सरळ. "आत्या, मेसेज कर की! मी वाचून दाखवते." म्हटलं, बहिणीनं फोनच्या आडून भावाला हुकूम करायचा? "मग देवाला सांग," म्हणाली आणि सायकल काढून गेली.

देवाला सांग. देवाला कुठल्या शब्दांत सांगतो आपण?

१४ जून, शुक्रवार

जमलं!

सकाळीच लुपेकडून निरोप धाडला. तो आला, फणसाखाली बसला. मान द्यायला कमरेला बांधतात ती आईची चटई मी बांधली होती, ती कडा फाटलेली, महाराजांसाठी राखून ठेवलेली. खिडकीत उभी राहिले. तो चटईकडे बघून सावरून बसला.

"बरा आहेस, आभार," मी म्हटलं.

"बरी आहेस ताई, आभार." भेटल्यावर आमच्याकडे सगळेच हे म्हणतात.

मग एका दमात बोलून टाकलं. "सेमिसी, आपले चरण राजधानीच्या डॉक्टरांना दाखवावेत. उद्याच्या बोटीनं. मी मागतेय."

चरण! राजाच्या पायाचा शब्द. त्यात ना जखम दिसते, ना वास येतो. तो उच्चारायला कुणालाच लाज वाटत नाही, लहान पोरालाही नाही.

त्यानं मान खाली घातली. वाटलं, चुकलं. त्याचे खांदे हलायला लागले. रडतोय की हसतोय मला कळेना, आणि नीट बघणंही बरं नाही. शेवटी म्हणाला, "बरं, ताई." उठताना पुढे म्हणाला, "आज एक काम आहे मळ्यात. ते करून उद्या निघतो."

फुसीही बरोबर जातेय. मी आत येऊन जमिनीवर बसले आणि देवाला राजाचे सगळे शब्द वापरून आभार म्हटलं. एकही उरला नसेल.

१५ जून, शनिवार

बोट गेली. धक्क्यावर मी मागे उभी होते. त्यानं वळून पाहिलं नाही, पण टोपी काढली.

१९ जून, बुधवार

गोंधळ! आयसेया माणसं घेऊन मोठ्या वाफ्यातलं कोनफळ काढायला गेला – वाफा रिकामा! माती नीट परत लोटलेली. आयसेया माझ्या दारात येऊन ओरडला, "महाराजांचं कोनफळ चोरीला गेलं! गावाचं नाक कापलं!"

लुपे माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "आत्या, तुझ्या परसातल्या चुलीच्या छपरात नारळाच्या झावळ्यांत काहीतरी बांधलंय. मला वाटलं तूच ठेवलंस."

कापड संपवायच्या घाईत शुक्रवारपासून अंगणातच तीन दगड मांडून चहा करतेय, तिकडे फिरकलेच नव्हते. जाऊन बघते तर झावळ्यांत ते होतं. लहान मुलाएवढं. पुसून, देठाला हळद लावून.

ते महाराजांचं नव्हतंच. पहिलं कोनफळ बहिणीचं. त्यासाठी तो बोटीत चढत नव्हता, आणि सगळा गाव, मी धरून, भलतंच समजत होता. सडक्या पायानं खणलं, सडक्या पायानं इथवर आणलं. आणि शुक्रवारी ते आणलं तेव्हा मी आत बसून देवाचे आभार मानत असेन. हाक मारली नाही त्यानं.

आयसेया म्हणाला, "लेसिएली, तू दे ना महाराजांना. तुझा हक्क आहे."

"माझा हक्क आहे म्हणूनच देणार नाही," मी म्हटलं. "दुसऱ्या वाफ्यातलं घेऊन जा."

२० जून, गुरुवार

महाराजांची गाडी आमच्या मांडवापुढून गेली. आमचं कापड अंथरलं होतं. आयसेया 'आरोगतील' म्हणाला, तेही दोनदा. दुसऱ्या वाफ्यातलं कोनफळही काही लहान नव्हतं. माणसांनी भरलेला रस्ता, पोरांची धुतलेली तोंडं, सगळ्यांच्या कमरेला चटया. एवढासा देश, पण एक दिवस सगळे ताठ उभे राहतात. मला आवडतं. सेमिसी असता तर अजून आवडलं असतं.

२२ जून, शनिवार

दुपारी फुसीचा फोन. आवाज तुटत होता. "वन्सं, या. लगेच या." पुढे नुसतं रडणं, मग फोन बंद. परत लावला, लागला नाही.

उद्या रविवार. बोट नाही, विमान नाही. सोमवारचं पहिलं विमान.

वाटेत शेजारीण म्हणाली, "बरी आहेस, आभार." मी तिला विमानाची वेळ विचारली.

२३ जून, रविवार

चर्चमध्ये गायले नाही. खालचा सूर शोधत होते. लुपेनं माझी सुतकाची काळी साडेतीन हाती चटई न विचारता पिशवीत भरली होती. मी ती काढून ठेवली आणि आईची घेतली.

२४ जून, सोमवार

इस्पितळ. नर्सनं खुर्ची पुढे केली आणि मी सेमिसीच्या उशाशी बसले.

गुडघ्याखाली पांघरूण सपाट आहे. फुसी म्हणाली, शनिवारी दोन वेळा गेल्यातच जमा होता. मी एका छपराखाली, हातभर अंतरावर, त्याचा श्वास ऐकत होते. उठावं की बसावं कळत नव्हतं. तेवढ्यात त्यानं डोळे उघडले. मला बघितलं. ऊठ म्हणाला नाही.

"बरा आहेस," मी म्हटलं, "आभार."

त्याचे ओठ सुकलेले. हळूच म्हणाला, "ताई, कोनफळ आरोगलंत का?"