हाताविना उभी बाहुली

अण्णा,

काल चौसाळ्याचे एक गृहस्थ कंपनीत मला भेटायला आले होते. आमचा बाहुल्यांचा बोलपट त्यांनी पुण्यात पाहिला, आणि तो करणारी बाई आपल्याच मुलखातली आहे असं कळल्यावर पत्ता शोधत आले. लहानपणी गावच्या जत्रेत त्यांनी तुमचा दोरीच्या बाहुल्यांचा खेळ पाहिला होता. जाताना हात जोडून म्हणाले, "तुमचे वडील लई मोठ्या मनाचे, बाई. मोगलाईत लेकीला शिकवायचं म्हंजी काय खायचं काम हाय? त्यांनी शिकवलं म्हणून तुमी इथवर आल्या." मी मान हलवली, त्यांना चहा दिला, फाटकापर्यंत पोचवून आले. पण आत माझा नुसता जाळ झाला होता. तुम्ही गेल्यापासून प्रत्येक जण मला हेच ऐकवतो, आणि दर वेळी मी मान हलवते. आज हलवणार नाही. मला शाळेत का घातलं, ते तुम्हाला ठाऊक आहे आणि मला ठाऊक आहे.

चकलांब्याचं आपलं घर आठवा. पावसाळ्यात खेळ नसायचे, तेव्हा बाहुल्यांचा पेटारा स्वयंपाकघरात उघडायचा. माय चुलीवर चिंचोक्याची खळ शिजवायची आणि तिच्या जुन्या लुगड्यांतून राणीचं लुगडं, राजाचा शेला निघायचा. तुम्ही उंबऱ्याजवळ पांगाऱ्याचं लाकूड तासत बसायचे. मी सुया ओवून द्यायची, रंग खलायची, बाहुल्यांचे केस विंचरायची. सुई ओवायला माझा हात चालायचा. दोरी धरायला चालायचा नाही. का, असं विचारलं की तुम्ही पेटाऱ्याकडे बघायचे आणि माय म्हणायची, "तुला काय करायचंय बया, खळ हालव."

एके दिवशी तुम्ही खेळाची परवानगी काढायला तहसील कचेरीत गेला होता. मी म्हातारीची बाहुली काढली. ती आल्यावर सगळी जत्रा हसायची. मी तिला पेटाऱ्याच्या कडेवर बसवत होते, आपली शेजारीण बसायची तशी, आधी कमरेवर हात, मग एक सुस्कारा, मग दमादमानं खाली. माय भाकरी थापता थापता हसून लोळायची बाकी राहिली होती. तेवढ्यात तुम्ही दारात. अण्णा, तुम्ही आधी माझ्याकडे पाहिलं नाही. बाहुलीकडे पाहिलं. ती बसेपर्यंत थांबलात. मग आत येऊन माझ्या हातातली दोरी घेतली, म्हातारीला आडवं केलं, तोंडावर फडकं टाकलं, आणि दोऱ्यांची दांडी माझ्या बोटांवर मारली. "फिरून हात लावलास तर बोटं मोडीन."

पुढच्या बाजाराला तुम्ही पाटी आणलीत. नवी, लाकडी चौकटीची. मी ती उराशी धरून घरभर नाचले. मायनं विचारलं, "पोरीला साळंत? कावून?" तुम्ही जोडा काढत म्हणालात, "हात गुतून ऱ्हाईल."

ते मी ऐकलं होतं. अर्थ लागायला काही वर्षं गेली. पाटी दिलीत ती मला अक्षर यावं म्हणून नव्हे, पेटाऱ्यापासून माझा हात लांब राहावा म्हणून. लोक जिला तुमचं मोठं मन म्हणतात ती पाटी म्हणजे कुंपण होतं. शिक्षणाला मी कमी लेखत नाही. शिकल्यानं माणूस मोकळा होतो असं मी मनापासून मानते, पुण्यात मी जिथं राहून शिकले त्या वसतिगृहातल्या मुलींना तेच सांगते. पण जी गोष्ट मला मोकळं करायला म्हणून कुणी दिलीच नव्हती, तिच्याबद्दल तुमचे आभार मी किती दिवस मानायचे?

दोरी तुम्ही माझ्या चुलतभावाला शिकवलीत. त्याला त्यात काडीचा रस नव्हता. त्याच्या हातात राजा असा चालायचा की जणू गुडघ्यात पाणी झालंय. तुम्ही त्याला शिव्या द्यायचे, पुन्हा शिकवायचे. दाराआड बसून मी धडा पाठ करत असे आणि माझी बोटं तशीच हलायची, मोकळ्या हवेत. "पाय आधी न्हाई बे उचलायचा. आधी खांदा. माणूस खांद्यानं चालतो." आणि सगळ्यांत कडक नियम: हाताविना बाहुली उभी ठेवू नये. खेळ थांबला की हात सोडण्याआधी तिला निजवायचं. हाताविना उभी राहिली तर तिचा जीव घुटमळतो. हे सगळं त्याला सांगितलंत. तो परळीच्या जिनिंगमध्ये कामाला लागला आणि पुन्हा दोरीला शिवला नाही.

माझा हात मात्र दुसऱ्या कामाला बरा होता. निजामाच्या कचेरीत सगळं उर्दूत चाले; मला उर्दू लिहिता यायला लागलं तसे परवानगीचे अर्ज मी लिहू लागले. कचेरीत मुन्शी माझं अक्षर बघून हसायचा, "क्या बुढ्ढे, बेटी को मुन्शी बना दिया? मेरी नौकरी खाएगी क्या?" तुमची छाती फुगायची. येताना मला रेवड्या घ्यायचे. त्या रेवड्यांची गोडी अजून जिभेवर आहे, म्हणून तर जास्त राग येतो.

मग पुणं, वसतिगृह, बी. ए. आपल्या घरातली पहिली पदवी. आणि पदवी घेऊन मी गेले कुठं, तर एका चित्रपट कंपनीत, पडद्यावरच्या करामतीची दृश्यं जिथं करतात त्या खोलीत. तिथं बाहुली दोरीशिवाय चालवायची होती. तिचा पाय केसभर हलवायचा, बाजूला व्हायचं, कॅमेऱ्यानं एक चित्र घ्यायचं, पुन्हा केसभर. अशी चित्रं भराभर दाखवली की बाहुली आपली आपण चालते. मी पहिला तुकडा केला आणि आम्ही तो पडद्यावर पाहायला बसलो. बाहुली चालत होती, अण्णा, खांद्यानं चालत होती. पण तिच्या पाठीशी सारखं काहीतरी फडफडत होतं, पाखरासारखं. ती माझी बोटं होती. चित्र घेताना मला हात काढवलाच नव्हता. दर वेळी बोटाचं टोक तिच्या खांद्याला लागलेलंच. सगळे खो खो हसले. कॅमेरावाला म्हणाला, "बाई, बाहुलीला नटी करायचंय, तुम्हाला नाही." कंपनीचे मालक हसले नाहीत. त्यांनी तुकडा पुन्हा लावायला सांगितला आणि विचारलं, "ही चाल कुणी शिकवली तुम्हाला?"

त्याच चालीवर मालकांनी अख्खा बाहुल्यांचा बोलपट करायचं कबूल केलं. अट एकच, बाहुल्या जुन्या, खऱ्या खेळातल्या हव्यात. म्हणून मी दिवाळीला घरी आले. तेव्हा चुलतभाऊ परळीला जाऊन वर्ष उलटलं होतं, तुमचे हात थरथरायचे, पेटारा बंद होता. अशा वेळी खेळ करणारी घराणी बाहुल्या गंगेला देतात, म्हणजे गोदावरीत सोडतात, हे मला माहीत होतं. म्हणून मी पाया पडून सांगितलं की देऊ नका, मी नेते, सगळा मुलूख त्यांना बघेल. तुम्ही विचारलंत, "दोरी न्हाई?" मी म्हणाले, नाही. "मग हात कुटं ऱ्हातो?" मी म्हणाले, हात काढून घ्यायचा, मग चित्र. तुम्ही चुलीतली राख सारखी केलीत. मग म्हणालात, "बगू."

ते "बगू" मी होकार धरलं. कंपनीची मोटार घेऊन संक्रांतीला आले. पेटारा जागेवर होता. उघडला तर त्यात तूर.

"कुटं गेल्या?"

"गंगंला दिल्या."

"कावून, अण्णा? मी नेते म्हणाले होते ना?"

"हात न्हाई उरला त्याहिला."

"आन् हा?" मी माझा हात तुमच्या तोंडापुढं धरला. शिकून आलेली मी, पण त्या वेळी आपलीच बोली तोंडात आली.

तुम्ही त्याच्याकडे पाहिलं. म्हणालात, "त्यो लोकाच्या घरचा हात हाय."

माय तूर निवडत होती. ती म्हणाली, "पोरी, भाकर खाऊन जा." मी खाल्ली नाही. मोटार रिकामी परत नेली. उन्हाळ्यात तुम्ही गेलात.

माझ्याकडे हाताविना उभ्या राहतील म्हणून गंगेला देऊन त्यांना वाचवलंत, अशी तुमची बाजू मी स्वतःच कितीदा मांडून पाहिली आहे. पण तुम्ही ते म्हणाला नाहीत. जे म्हणालात ते मी ऐकलं. आणि मी लग्न करून कुणा लोकाच्या घरी गेले नाही, अण्णा. हात अजून माझाच आहे. नव्या बाहुल्या मी कंपनीच्या सुताराला बरोबर घेऊन याच हातानं घडवल्या, आठवतील तशा. नाकं तुमच्यासारखी तासता आली नाहीत. त्यात वर्षं गेली, मालकांचा धीर सुटत आला होता. पण बोलपट झाला. म्हातारी कमरेवर हात ठेवून बसते तिथं लोक हसतात, माय हसली होती तिथंच. त्या सगळ्या बाहुल्या हाताविना उभ्या राहतात. रात्रभर राहतात, कारण सकाळी त्यांचा पाय तिथूनच उचलायचा असतो. कुणाचा जीव घुटमळलेला मी पाहिला नाही.

हे पत्र कुठं टाकणार? तुम्हाला वाचता येत नव्हतं. घरी आलेला प्रत्येक कागद मीच तुम्हाला वाचून दाखवला, हाही शेवटी मीच वाचणार.

एकच राहिलं. चाल कुणी शिकवली असं मालकांनी त्या दिवशी विचारलं, तेव्हा मी म्हणाले, वडिलांनी. समोर बसवून शिकवली, असंही म्हणाले. काल चौसाळ्याच्या गृहस्थांनी विचारलं, त्यांनाही तेच सांगितलं.