जीपखालचा डाग आणि तुमचे दादा

चारकोप, कांदिवली पश्चिम
मंगळवार

राजेशभाऊजींना वहिनीचा सप्रेम जय भीम.

सपनाची शुगर आणि तुमची पेन्शनची फाईल, दोन्ही जागच्या जागी असतील असं धरून चालते. माझी तब्येत बरी आहे. म्हणजे जेवते, झोपते, आणि रडायचं ते आंघोळीच्या वेळी उरकून घेते. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर मी जीपचं नाव काढलं की तुम्ही "विका वहिनी" म्हणता आणि माझं पुढचं राहून जातं. पत्रात तुम्हाला मध्ये बोलता येणार नाही.

आमच्या सोसायटीचे चेअरमन शरच्चंद्र दळवी यांनी नोटीस लावली आहे. जीपखाली तेल सांडणं येत्या सोमवारपर्यंत थांबलं नाही, तर गाडी भंगारवाल्याच्या हवाली. (नोटिशीत माझं नाव नाही, "एका सभासदाची जुनी जीप" असं आहे. आवारात जुनी जीप एकच आहे.) डाग पसरत पसरत त्यांच्या पांढऱ्या स्कूटरच्या चाकाला लागला, तिथून हे सुरू झालं. मला म्हणाले, "ताई, ही गाडी आहे की तेलाची घाणी?" मी म्हटलं, घाणी असती तर निदान पेंड तरी मिळाली असती. त्यावर नोटीस लॅमिनेट झाली.

तेल कुठून येतं यावर सगळ्या इमारतीने मत देऊन झालं. वॉचमन म्हणाला ब्रेकचं. तिसऱ्या मजल्यावरचे म्हणाले, एसीचं पाणी असेल. (जीपला एसी नाही. एक पंखा आहे, तो तुमच्या दादांनी स्वतः बसवला आणि त्याचं तोंड फक्त ड्रायव्हरकडे आहे.) शेवटी मीच लिलावात गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक काढलं. मी चौथीतून शाळा सोडली, पुढचं वाचन स्वतःचं स्वतः शिकले, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण इंग्रजीतलं यंत्राचं पुस्तक शब्दकोश शेजारी घेऊन वाचायला अकरा दिवस लागले. त्यात असं आहे, की आपल्या जीपला गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक लोखंडी पेटी आहे, चारही चाकांना जोर वाटून देणारी. तिला ट्रान्सफर केस म्हणतात. दोन्हींत तेल असतं आणि मध्ये बांगडीएवढं रबरी सील. ते फाटलं, की पुढच्या पेटीतलं तेल आतल्या आत मागच्या पेटीत जातं, मागची तुडुंब भरते आणि हवेच्या नळीतून बाहेर सांडते. म्हणून दोन्हींची पातळी बघा, असं पुस्तक सांगतं. पुढची उतरलेली आणि मागची चढलेली असेल, तर दोष मधल्या सीलचा. म्हणजे सांडतं मागून, आणि कोरडं पडतं पुढचं.

आता ऐका. ते गेल्यापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी गाडीत बसून, गिअरच्या दांड्याजवळचं झाकण काढून, गिअरबॉक्समध्ये नवं तेल ओतते आहे. ते ओतायचे म्हणून. दुसरं त्यांचं काही मला करता येत नव्हतं. म्हणजे अकरा महिने चेअरमनच्या स्कूटरखाली तेल मीच ओतत होते, फक्त वळसा घालून.

पुस्तक काखेत मारून इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये प्रीतम मेकॅनिककडे गेले. तो हसायला लागला. "काकी, हे मी काकांना चार वर्षांपूर्वी सांगितलंय. एका दिवसात सील बदलून देतो म्हटलं, तर बघू म्हणाले." आणि बघू म्हणून काय केलं, तर दर महिन्याला जीपखाली झोपून मागच्या पेटीत जमलेलं तेल काढायचं आणि वर येऊन तेच पुढच्या पेटीत ओतायचं. तेच तेल, भाऊजी, तीन वर्षं. मला वरचं ओतणं तेवढं दिसायचं. खाली गेले की नुसते पाय दिसत. मी बशीतून चहा सरकवायचे, आणि आतून आवाज यायचा, "मोठं काम आहे गं, दोन तास लागतील." (माझं हरवलेलं पातेलं सीटखाली सापडलं, तेलाने माखलेलं. त्यावरून मी सपनावर संशय घेतला होता, तिची माफी मागते.) प्रीतम म्हणतो, तेल काढून ओतायचं काम वीस मिनिटांचं आहे. उरलेले एक तास चाळीस मिनिटं तुमचे दादा तिथे पडून काय करत होते, हे आता मला कोण सांगणार? तेहतीस वर्षांच्या संसारात मी एवढंच विचारायचं विसरले.

आता अडचण अशी. गिअरबॉक्स कोरडा, त्यामुळे गाडी चालवून प्रीतमकडे नेता येत नाही. (नवं तेल ओतावं, तर मागची पेटी आधीच तुडुंब, ते पुन्हा स्कूटरखालीच जाणार.) टोचनवाल्याची गाडी गेटमधून आत येत नाही. आणि बाहेरच्या मेकॅनिकने आवारात गाडी खोलायची नाही असा सोसायटीचा नियम आहे. (हा नियम कमिटीवर असताना तुमच्या दादांनीच मांडला होता. आता कळलं का ते.) मागच्या पेटीचा बोल्ट खालून आहे, तिथे माझा हात पोचत नाही. सगळ्या बाजूंनी वाट लागली आहे. तेव्हा तुमचंच खरं. बावीस वर्षं सरकारी नोकरीत त्यांनी जी चालवली, रिटायर झाल्यावर लिलावात जी घेतली, ती विकून टाकू. मी आता थकले.

तुमची वहिनी,
रतन

ता. क. तुम्ही पाठवलेलं भांडुपचं गिऱ्हाईक काल येऊन गेलं. मी त्याला सील नीट समजावून सांगितलं, पुस्तकातल्या चित्रासकट, पाऊण तास. चहा अर्धा टाकून गेला.

आणखी एक. दळवींना विचारून घेतलं. घरचा माणूस जीपखाली गेला तर नियमात बसतं. येत्या रविवारी जुने कपडे घालून या. गुडघा दुखतो हे ठाऊक आहे, पण हे झोपून करायचं काम आहे.

शेवटचं. तेल पुढे आलं की गाडी चालेल, मग प्रीतमकडे न्यायची की नाही ते तुम्ही ठरवा. सील बदललं तर काम कायमचं मिटलं. नाही बदललं, तर दर महिन्याला तुम्हाला यावं लागेल. जेवण माझ्याकडे. आणि वीस मिनिटांच्या कामाला दोन तास लावलेत, तरी मी काही विचारणार नाही.